चार जुलैची पार्टी, वीस माणसं, कमी खर्च: आधी काय, नंतर काय, आणि हमखास कुठे गंडतं

दरवर्षी तीन जुलैच्या संध्याकाळी माझा फोन वाजायला लागतो. "ताई, श्रीखंड एकदम पातळ झालंय, आता काय करू?" "अगं ते तीन रंगांचं सरबत सगळं जांभळंच दिसतंय." "वहिनी, पताका रात्रीच्या दवात भिजल्या आणि डेकवर लाल डाग पडलेत, कशाने जातील?" तीन तारखेला संध्याकाळी यातलं फारसं काही दुरुस्त होत नाही, म्हणून यंदा आधीच लिहून ठेवतेय.

मी अमेरिकेत, न्यू जर्सीत राहते आणि चार जुलैची, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची, ही पार्टी बरीच वर्षं घरामागच्या अंगणात करतेय. खालचा सगळा हिशोब वीस माणसांचा आहे, बारा मोठी आणि आठ मुलं, त्यातले साधारण अर्धे शाकाहारी. दोन पदार्थ पाहुण्यांकडून आले की माझा खर्च शंभर ते सव्वाशे डॉलरमध्ये बसतो. तुमच्या गावात भाव वेगळे असतील पण क्रम हाच ठेवा, कारण माझं निरीक्षण असं की पैसे महाग वस्तूंमुळे जेवढे जात नाहीत तेवढे चुकीच्या वेळी आणलेल्या वस्तूंमुळे जातात. आधी दुकानात जायचं आणि मग माणसं मोजायची, हा आपला मुख्य रोग.

टप्पा १: तीन आठवडे आधी, कागद-पेन घेऊन

दुकानात अजून पाऊल टाकायचं नाही.

१. माणसं मोजा. "बघतो, जमलं तर येतो" म्हणणाऱ्यांना २५ जूनपर्यंत हो किंवा नाही सांगायला लावा. मोठी, मुलं, शाकाहारी, मांसाहारी असे चार आकडे वेगळे लिहा.

२. वेळ ठरवा. माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात. बारा वाजता बोलावलंत तर दुपारचं जेवण, चारचा चहा-खाणं आणि रात्रीचं जेवण असं तिन्ही तुमच्या गळ्यात पडतं, कारण फटाके बघितल्याशिवाय कोणी हलत नाही आणि आमच्याकडे सूर्यच साडेआठला मावळतो. साडेचारला बोलवा. एकच जेवण, आणि तेही ऊन उतरल्यावर.

३. पॉटलक असेल, म्हणजे प्रत्येक घर एकेक पदार्थ आणणार असेल, तर पदार्थ वाटून द्या. "काहीतरी आण गं" म्हटलं की पाच जणी पुलाव आणतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका घराला बटाट्याची दह्यातली कोशिंबीर, एका घराला चिवडा-चिप्स, एका घराला बर्फ. बर्फाचं काम नेहमी उशिरा येणाऱ्याला द्यायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

४. घरातलं सामान काढून बघा. दिवाळीच्या एलईडी माळा, गणपतीच्या मखरामागे लावलेली पांढरी चादर, लाल-निळ्या ओढण्या, स्टीलची पिंपं, पॉटलकची मोठी पातेली. माझ्या सजावटीतली निम्मी गणपतीच्या खोक्यातून निघते.

आणि आजपासून पास्ता सॉसच्या काचेच्या बरण्या फेकू नका, धुऊन ठेवा. सहा-सात लागतील.

तपासा: पार्टी काउंटीच्या (म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या) पार्कात करणार असाल तर शेडचं बुकिंग, तिथे ग्रिल चालतो का आणि पाण्याचा नळ जवळ आहे का, हे तिन्ही आत्ताच विचारा. चार जुलैला शेड आयत्या वेळी मिळत नाही.

टप्पा २: खरेदी, पण तारे-पट्टे छापलेलं काहीही नको

जून उजाडला की दुकानाच्या दारातच झेंडा छापलेल्या प्लेट्स, नॅपकिन, कप यांचा डोंगर लागतो. त्याकडे बघू नका, सरळ आत जा, साध्या रंगाच्या रांगेत. साध्या पांढऱ्या प्लेट्स, लाल नॅपकिन, निळे कप. छापील माल महाग असतोच, वर उरला तर पुढच्या चार जुलैपर्यंत कपाटात पडून राहतो. साध्या पांढऱ्या प्लेट्स मात्र वाढदिवसाला, सत्यनारायणाला, कशालाही चालतात.

अजून एक गोष्ट, बऱ्याच जणांना माहीत नसते. अमेरिकेच्या ध्वजसंहितेतच लिहिलंय की झेंडा कागदी नॅपकिनवर किंवा वापरून फेकायच्या वस्तूंवर छापू नये. दंडबिंड काही नाही, सगळं राजरोस विकतात. पण आपल्याकडे लहानपणापासून पंधरा ऑगस्टला कागदी झेंडे रस्त्यावर पडू देऊ नका म्हणून ऐकत आलोय, त्यामुळे वांग्याच्या भाजीने माखलेला झेंडा कचऱ्यात टाकताना मला तरी कसंतरी होतं.

रंगांचा माझा ठोकताळा म्हणजे बराचसा भाग पांढरा आणि लाल-निळा फक्त मधे मधे. तिन्ही रंग सारखे वापरले की अंगण निवडणुकीच्या प्रचारासारखं दिसायला लागतं.

डॉलर स्टोअरमधून एवढंच आणा: लाल, पांढरा आणि निळा असे तीन प्लॅस्टिकचे टेबलक्लॉथ (५४ बाय १०८ इंचवाले), सुतळीचा एक गुंडा, एलईडीच्या छोट्या पणत्या, अंधारात चमकणाऱ्या काड्यांची पाकिटं, लाल-निळा टिश्यू पेपर, पांढरा डिंक. हे सगळं २७-२८ जूनपर्यंत घरात यायला हवं, नंतर निळा रंग संपलेला असतो. कसा कोण जाणे, दरवर्षी निळाच आधी संपतो.

टप्पा ३: सजावट, एक आठवडा आधी

पताकांपासून सुरुवात करा, आणि कागदाच्या करू नका. क्रेप पेपर तर अजिबात नको, त्याचा रंग नुसत्या दवानेही सुटतो आणि लाकडाच्या डेकवर बसलेले डाग निघता निघत नाहीत. टेबलक्लॉथ कापून करायच्या.

१. टेबलक्लॉथची घडी न उलगडता ८ इंच रुंद पट्ट्या कापा. पट्टीवर ६ इंच पायाचे त्रिकोण एक सुलटा एक उलटा असे आखा म्हणजे मधे काही वाया जात नाही. एका टेबलक्लॉथमधून शंभराच्या वर सहज निघतात.

२. सुतळी दोन खुर्च्यांना ताणून बांधा. त्रिकोणाची वरची कड अर्धा इंच सुतळीवरून दुमडा आणि दोन स्टेपल मारा. चिकटपट्टी लावू नका, उन्हात सुटते. डिंक तर प्लॅस्टिकवर धरतच नाही.

३. दोन पताकांत २ इंच जागा सोडा. म्हणजे एका पताकेला ८ इंच लागले, वीस फुटी माळेला तीस पताका. लाल, पांढरी, निळी, लाल, पांढरी, निळी.

हा हिशोब आधी करा हो. मागे एका मैत्रिणीने दोनशे पताका कापल्या आणि अंगणात जागा होती तीन माळांची.

बरण्यांचे दिवे याच दिवशी करून टाका. लेबल काढायला बरणी गरम साबणाच्या पाण्यात तासभर ठेवा. दोन भाग डिंक आणि एक भाग पाणी मिसळून ब्रशने बरणीला बाहेरून लावा, त्यावर टिश्यूचे फाडलेले तुकडे, वरून परत डिंकाचा हात. रात्रभर वाळू द्या. आत एलईडी पणतीच ठेवायची, मेणबत्ती नाही. कागद बाहेरून लावलाय आणि आजूबाजूला मुलं पळणार आहेत. घरी आकाशकंदील करणारं कोणी असेल तर मात्र बरण्यांच्या भानगडीत न पडता लाल-पांढऱ्या-निळ्या कागदाचा एक चांगला कंदील करून झाडाला टांगा. आमच्या गल्लीत सगळ्यात जास्त कौतुक त्याचंच झालं होतं.

आता झेंडा. खरा झेंडा लावणार असाल तर इथे चुका फार होतात आणि शेजारी बोलत नाहीत पण बघत असतात. मी पहिल्या वर्षी झेंडा गॅरेजच्या दारावर उभा टांगला, नुसता नव्वद अंशात फिरवून. समोरच्या घरातले नौदलातून निवृत्त झालेले आजोबा रस्ता ओलांडून आले, काही न बोलता मागची बाजू पुढे येईल असा झेंडा पलटून दिला, आणि मग हसून "हॅपी फोर्थ" म्हणाले. नियम सोपा आहे. भिंतीवर झेंडा आडवा लावा की उभा, ताऱ्यांचा निळा चौकोन वरच्या बाजूला आणि बघणाऱ्याच्या डाव्या हाताला यायला हवा. नुसता फिरवला तर तो उजवीकडे जातो, म्हणून उभा लावताना झेंड्याची दुसरी बाजू पुढे घ्यायची. रात्रभर ठेवणार असाल तर त्याच्यावर दिवा हवा, नाहीतर सूर्यास्ताला उतरवा.

सावधान: झेंडा टेबलावर अंथरायचा नाही. टेबल सजवायचंय तर तीन रंगांचं साधं कापड वापरा, आणि पट्टे आडवे येत असतील तर निळा वर, पांढरा मधे, लाल खाली.

टप्पा ४: मुलांचे उद्योग, साहित्य आधीच कापून

"मुलं करतील काहीतरी" हे चालत नाही. आठ मुलं, एक कात्री आणि तुम्ही ग्रिलपाशी, मग बघायलाच नको. जे कापायचं ते आदल्या आठवड्यात कापा आणि प्रत्येक मुलाची एक पिशवी भरून ठेवा.

भिरभिरं: ६ इंचाचा चौकोनी कागद, एका बाजूला लाल पट्टे आणि दुसऱ्या बाजूला निळा. चारही कोपऱ्यांपासून मध्याकडे कापायचं पण मध्याच्या अर्धा इंच अलीकडे थांबायचं. एक सोडून एक टोक मध्यावर आणायचं, टाचणी आरपार घालायची, मग एक मणी, आणि टाचणी पेन्सिलच्या मागच्या खोडरबरात खुपसायची. मणी विसरलात तर भिरभिरं फिरत नाही, कागद रबराला घासतो. आणि टाचणी घट्ट दाबू नका, थोडी सैल राहू दे. जाड कार्डपेपर नको, दुमडताना मोडतो. पाच वर्षांखालच्या मुलांना तयार भिरभिरं द्या, टाचणी हातात द्यायची नाही.

रांगोळी: एक कप कॉर्नस्टार्च, एक कप पाणी, मुलांचा धुता येणारा रंग दोन चमचे. ढवळून जुन्या कपांत ओता, ब्रश द्या आणि ड्राइव्हवेवर सोडा. पुठ्ठ्यातून ताऱ्याचा साचा कापून ठेवलात तर चार वर्षांचं पोरही नीट तारा काढतं. बऱ्याच ठिकाणी खाण्याचा रंग घाला असं सांगतात पण तो काँक्रीटमध्ये मुरतो, आमच्याकडे एक निळा डाग ऑक्टोबरपर्यंत होता. कॉर्नस्टार्च खाली बसतं, म्हणून मधून मधून ढवळत राहा.

दोनच उद्योग पुरे. तिसऱ्याला कोणी हात लावत नाही, तोपर्यंत पाण्याचा पाइप सुरू झालेला असतो.

टप्पा ५: श्रीखंडाचा झेंडा, २ जुलैच्या रात्रीपासून

इथे वेळ देऊन वाचा, सगळ्यात जास्त फोन याच्यासाठीच येतात. विकतच्या फ्लॅग केकचे पैसे वाचतात आणि अमेरिकन पाहुणे वाटी चाटूनपुसून खातात.

साहित्य: साधं फुल फॅट दही, ३२ औंसांचे तीन डबे, म्हणजे साधारण २.७ किलो. साखर ७०० ते ७५० ग्रॅम. वेलची अगदी थोडी. स्ट्रॉबेरी २ पौंड, ब्लूबेरी १ पाइंट. ९ बाय १३ इंचाचा ट्रे.

केशर नाही! आईला वाईट वाटेल, पण पांढरा रंग पांढराच राहायला हवा. जायफळही नको.

१. २ जुलैच्या रात्री मोठ्या चाळणीत पातळ सुती कापड घाला, दही ओता, गाठ मारा, वर ताटली आणि ताटलीवर दुधाचा भरलेला कॅन. खाली पातेलं. हे सगळं फ्रिजमध्ये. आपल्याकडे नळाला टांगायची सवय, पण जुलैत बाहेर बारा तास टांगलं तर चक्का आंबट होतो आणि मग कितीही साखर घाला, आंबटच लागतं.

२. ३ तारखेला सकाळी चक्का साधारण सव्वा किलो भरायला हवा. दीड किलोच्या वर भरला तर अजून पाणी आहे, परत दाबा. अंगठ्याने दाबून बघा, खळगा तसाच राहिला पाहिजे आणि त्यात पाणी जमता कामा नये. निघालेलं पाणी टाकू नका, पावभाजीत घाला.

३. साखर घरी मिक्सरमध्ये बारीक करा. इथल्या विकतच्या पिठीसाखरेत कॉर्नस्टार्च असतं, चालते, पण जिभेला पिठूळ लागते. चक्क्यात मिसळून पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढा. साखर पडली की श्रीखंड सैल होणार, होतंच, घाबरून त्यात मिल्क पावडर घालत बसू नका. ट्रेमध्ये पसरा, जेमतेम एक इंचाचा थर होतो, आणि झाकून निदान चार तास फ्रिजमध्ये, रात्रभर ठेवलं तर उत्तम.

४. रिकाम्या झालेल्या दह्याच्या डब्यांत पाणी भरा, वर दोन बोटं जागा सोडा, आणि फ्रीझरमध्ये टाका. उद्या कूलरसाठी तीन मोठे बर्फाचे ठोकळे फुकट तयार. लहान बर्फापेक्षा हे कितीतरी उशिरा वितळतात.

५. फळं ४ तारखेला दुपारी धुवा आणि पेपर टॉवेलवर पूर्ण कोरडी करा. पूर्ण म्हणजे पूर्ण, टिपून, पंख्याखाली पसरून. एक ओली ब्लूबेरीसुद्धा पांढऱ्यावर निळा ओघळ सोडते.

६. वरच्या डाव्या कोपऱ्यात ब्लूबेरीचा चौकोन, हा दोन तास आधी लावला तरी चालतो. स्ट्रॉबेरीचे पट्टे मात्र वाढायच्या अर्धा तास आधीच. कापलेली स्ट्रॉबेरी रस सोडते, रात्रीच लावून ठेवलीत तर सकाळी गुलाबी श्रीखंड मिळेल. तेरा पट्टे बसवायच्या नादी लागू नका, नऊ इंचात मावत नाहीत. चार लाल, तीन पांढरे पुरे. पहिला आणि शेवटचा पट्टा लाल असला की झेंडा ओळखू येतो. ताऱ्यांसाठी श्रीखंडाचे आठ-दहा ठिपके द्या, पन्नास मोजत कोणी बसत नाही.

तपासा: ट्रे फ्रिजमधून थेट पानात. टेबलावर शोभेला ठेवायचा नाही. फोटो काढायचाय तर घरात काढा.

टप्पा ६: बाकीचं जेवण

मी ग्रिलवर सगळं करत नाही. ग्रिल एक आणि माणसं वीस, रांग लागते, आणि ग्रिलवाला बिचारा शेवटी उभ्यानेच जेवतो.

पावभाजी ३ तारखेला रात्री करून ठेवा: ३ पौंड बटाटे, एक फ्लॉवर, १ पौंड फ्रोझन मटार, दोन ढोबळ्या मिरच्या, चार कांदे, टोमॅटोचा २८ औंसांचा डबा. पाव म्हणून डिनर रोल, तीन डझन. ४ तारखेला ही भाजी गॅसवर खळखळून उकळा आणि मगच स्लो कुकरमध्ये ओतून वॉर्मवर ठेवा. थंड भाजी सरळ वॉर्मवर ठेवणं ही घातक चूक आहे, ते बटण गरम ठेवतं, गरम करत नाही, भाजी तासन्‌तास कोमट राहते.

मांसाहाऱ्यांसाठी चिकनच्या तंगड्या, कारण माणशी पैशात हेच बसतं. वीस तंगड्या म्हणजे पाच-सहा पौंड. दही, आलं-लसूण, तिखट, हळद, मीठ लावून रात्रभर फ्रिजमध्ये. कच्च्या ग्रिलवर टाकल्या तर बाहेरून दही करपतं आणि हाडापाशी लाल राहतं, म्हणून आधी ओव्हनमध्ये ४०० फॅरनहाइटला ३५ मिनिटं, मग ग्रिलवर फक्त रंगापुरत्या पाच-सात मिनिटं. थर्मामीटर जाड भागात घाला, हाडाला टेकू देऊ नका, १६५ फॅरनहाइट दिसलं की झालं. कच्चं चिकन ज्या ताटलीत नेलं त्यातच भाजलेलं परत आणायचं नाही. शाकाहाऱ्यांचं काही ग्रिलवर होणार असेल तर ते चिकनच्या आधी, वेगळ्या चिमट्याने. आमच्या सासूबाई हे लांबून बघत असतात.

कणसं चोवीस घ्या, अर्धी मोडून अठ्ठेचाळीस तुकडे. अख्खं कणीस देऊ नका, मुलं तीन घास खातात आणि बाकीचं टाकून देतात. ३ तारखेला सालांसकट आणा आणि तशीच फ्रिजमध्ये ठेवा, सोललेली कणसं गोडी घालवतात. एवढ्यांसाठी पातेलं नसतं, मग ही युक्ती करा: चांगला धुतलेला कूलर घ्या, जाड भिंतींचा, फोमचा स्वस्त डबा नको. सोललेली कणसं आत, वरून ती बुडतील एवढं खळखळ उकळतं पाणी, झाकण बंद. अर्ध्या तासात शिजतात आणि दीड-दोन तास गरम राहतात. पाणी उकळतंच हवं, गरम नव्हे. वाढायच्या आधी ग्रिलवर दोन मिनिटं फिरवा, काळे डाग आले की अर्धं लिंबू तिखट-मिठात बुडवून चोळा. चौपाटीवरच्या कणसाची आठवण येते आणि इथले लोक रेसिपी विचारतात.

कलिंगड अख्खंच घ्या, वीस पौंडांचं एक पुरतं. जमिनीवर टेकलेला डाग पिवळट हवा, पांढरा असेल तर कच्चं. सगळ्याचे तारे कापू नका, कडेचं फार वाया जातं. मधल्या दोन चकत्यांचे तारे कापून वर मांडा, बाकी साध्या फोडी, आणि ताऱ्यांच्या कडा मिक्सरमध्ये घालून रस.

तीन थरांचं सरबत फक्त मुलांना आठ ग्लास, पारदर्शक ग्लासात. थर राहतात ते साखरेमुळे, जास्त साखरेचं जड असतं ते खाली बसतं. म्हणून तळाला कोकम आगळ भरपूर साखर घालून पाकासारखं केलेलं (नसेल तर क्रॅनबेरी ज्यूस), दोन बोटं. मग ग्लास काठोकाठ बर्फाने भरा. मग नारळपाणी, बर्फाच्या खड्यावरून हळूहळू. शेवटी निळं स्पोर्ट्स ड्रिंक, बिनसाखरेचं. साखर असलेलं निळं आणलंत तर ते खाली उतरतं आणि सगळं जांभळं होतं, फोनवरची तक्रार हीच. बर्फ नंतर टाकला तरी तेच. आधी करून ठेवू नका, ग्लास हातात द्यायच्या मिनिटाला ओता. मोठ्यांना पिंपातलं पन्हं नाहीतर लिंबू सरबत.

टप्पा ७: चार तारीख, घड्याळ लावून

बर्फ माणशी दीड पौंड. दोन कूलर हवेतच. पेयांचा कूलर सारखा उघडतो, त्यात खाण्याचं ठेवलं की तासाभरात कोमट. दह्याच्या डब्यातले ठोकळे खाण्याच्या कूलरमध्ये.

सकाळी पताका आणि दिवे, ऊन चढायच्या आत. दुपारी दोनला फळं धुणं, साडेतीनला तंगड्या ओव्हनमध्ये, चारला भाजी गॅसवर. साडेचारला मुलांच्या पिशव्या वाटा. पाचला पाणी उकळायला ठेवा, साडेपाचला कणसांवर ओता. सहाला जेवण. पावणेसातला स्ट्रॉबेरीचे पट्टे, सव्वासातला श्रीखंड.

सावधान: दही, चिकन, कापलेली फळं, भाजी, यातलं काहीही दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नको. तापमान ९० फॅरनहाइटच्या वर असेल तर एकच तास. "अजून चांगलंय की" असं वासावरून ठरत नाही. एका वेळी थोडं बाहेर काढा, बाकीचं आत, संपलं की परत भरा. शिळं फेकण्यापेक्षा चार खेपा परवडल्या.

डास आणि माश्यांसाठी जेवणाच्या टेबलाजवळ साधा टेबलफॅन लावा, उडणाऱ्या डासाला वारा झेपत नाही. महागड्या मेणबत्त्यांपेक्षा बरं काम होतं.

अंधार पडल्यावर फुलबाज्या. आपण दिवाळीत फुलबाजी हातात घेऊन वाढलो, त्यामुळे पार सैल असतो. जळती फुलबाजी साधारण २००० फॅरनहाइटला असते आणि विझलेली तारही बराच वेळ चटका देते. पाण्याची बादली आधी, काडेपेटी नंतर, आणि विझलेली प्रत्येक तार बादलीत. राज्याचा नियम बघून घ्या, मॅसॅच्युसेट्समध्ये घरगुती फटाक्यांना पूर्ण बंदी आहे, फुलबाजीसुद्धा नाही. न्यू जर्सीत फुलबाजी चालते पण विकत घ्यायला वय १६ लागतं. लहान मुलांच्या हातात मी चमकणाऱ्या काड्याच देते. चार काड्या रिकाम्या पाण्याच्या बाटलीत टाकल्या की कंदील होतो आणि अंधारात कुठलं पोर कुठे आहे तेही कळतं.

टप्पा ८: पाच तारखेला सकाळी

पताका दवाने ओल्या असतील, वाळल्याशिवाय गुंडाळू नका, बुरशी धरते. पुठ्ठ्यावर गुंडाळल्या की पुढच्या वर्षी गुंता होत नाही. एलईडी पणत्यांमधले सेल काढा, नाहीतर वर्षभरात गळून पणती जाते. पांढरं आणि लाल सामान गणपतीच्या खोक्यात, निळं वेगळं. उरलेल्या कणसांचे दाणे काढून फ्रीझ करा, पावसाळी दिवशी उपमा किंवा वडे होतात.

मग डॉलर स्टोअरला जा. पाच-सहा तारखेला उरलेला माल निम्म्या भावात टाकलेला असतो. पुढच्या वर्षीचा निळा टेबलक्लॉथ तेव्हाच उचला.